भट्टी निवेपर्यंत

सोलापुरात राहून मी जितकी नारळाची झाडं लावली, तितकी कोकणातल्या एखाद्या बागाइतदारानेही लावली नसतील. सगळी काचेची. खोड तपकिरी बाटलीच्या चुऱ्याचं, झावळ्या हिरव्या बांगड्यांच्या तुकड्यांच्या. झाडाशेजारी नदी, नदीपलीकडे दोन डोंगर आणि डोंगरांच्या बेचक्यात सूर्य. तो उगवतोय की मावळतोय, हे मला कधी कुणी विचारलं नाही. गिऱ्हाईक दुकानात येऊन म्हणायचं, "एक सीनरी द्या." सीनरी म्हणजे हीच, हे त्यालाही ठाऊक असायचं आणि मलाही.

आता आमचा मुलूख कसा, तर सपाट. गावाबाहेर पडलं की काळं रान, बाभळी, ज्वारीची धसकटं आणि वर भलंमोठं आभाळ. नारळ आम्हाला देवापुढे फोडण्यापुरता माहीत. पण लोकांना भिंतीवर नेमकं तेच हवं असायचं, जे दाराबाहेर नाही. मला त्याचं हसू यायचं आणि रागही यायचा. राग जास्त.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला मी बार्शीहून लग्न होऊन सोलापुरात आले. माहेरी अडत दुकान, घरात मराठी. सासर अक्कलकोटकडचं, घरात अर्धी मराठी, अर्धी कन्नड. सासऱ्यांना सगळे अप्पा म्हणायचे, सासूला अव्वा. अप्पांचा धंदा इनॅमलच्या पाट्यांचा. लोखंडी पत्र्यावर काचेची रंगीत पूड चढवायची आणि भट्टीत भाजायची. पूड वितळून पत्र्याला अशी बसते की पुढे पाऊस येवो, ऊन येवो, उडत म्हणून नाही. घरांचे नंबर, डॉक्टरांची नावं, 'येथे थुंकू नये'. मी आले तेव्हा हा धंदा उतरणीला लागला होता. लोक तैलरंगात पाट्या रंगवून घेऊ लागले होते, आणि भट्टी आठवड्यातून एकदा पेटली तरी अप्पा खूश असायचे.

लग्नाआधी मी चित्रकला शिक्षिकेचा कोर्स पुरा केला होता. "नोकरीचं बघू की," असं बोलणी करताना अप्पाच म्हणाले होते. बघू की, हा अप्पांचा आवडता शब्द. ते कधी कशाला नाही म्हणायचे नाहीत. तोंडावर नाही म्हणणाऱ्या माणसाशी भांडता तरी येतं. अप्पांशी भांडायला गेलं की ते मायेने माझ्या डोक्यावर हात ठेवायचे. नवऱ्याला विचारावं तर ते म्हणायचे, "अप्पांना विचार." ते गिरणीच्या ऑफिसात कारकून होते, माणूस साधा, पण घरात त्यांचं मत कधी कुणी मागितलं नव्हतं आणि त्यांनीही ते कधी कुणाला दिलं नव्हतं.

बाहेर जाणं म्हणजे सोमवारी देवळात, तेही कुणी बरोबर असलं तर. एरवी मी, स्वयंपाकघर आणि मागचं भट्टीघर. भट्टीघराला पत्र्याचं छप्पर होतं आणि उंचावर एक झरोका. झरोक्यातून गिरणीच्या धुराड्याचा तुकडा दिसायचा. उन्हाळ्यात पत्रा असा तापायचा की भट्टी पेटलीय की नाही, हे नुसतं आत जाऊन कळायचं नाही. मला त्या खोलीत कोंडल्यासारखं व्हायचं, आणि गंमत अशी की मी आपण होऊन तिथे जाऊन बसायचे, कारण घरात त्याहून जास्त कोंडल्यासारखं व्हायचं.

लहानपणी बार्शीत आम्ही मुली फुटक्या बांगड्यांचे तुकडे चिमणीच्या ज्योतीवर धरून वाकवायचो आणि एकात एक अडकवून साखळ्या करायचो, दाराला तोरण म्हणून लावायला. बोटं भाजायची, पण ती काच मऊ होऊन कलते तो क्षण मला फार आवडायचा. सासरी एवढी मोठी भट्टी बघितल्यावर हात शिवशिवणारच. पहिल्याच वर्षी पाट्या भाजायच्या वेळी मी कोपऱ्यात खिडकीच्या काचेचा एक तुकडा सरकवला. त्यावर काळी पूड, पिवळा चुरा, थोडं निळं. भट्टीतून निघालं ते रान होतं. काळी जमीन, कापणी झालेली ज्वारी, एक बाभूळ आणि बाकी सगळं आभाळ. बार्शीच्या रस्त्याला दिसतं तसं. मी ते हातात धरून किती वेळ बघत राहिले.

अप्पांनी बघितलं, तेही खूश झाले. दुकानात लावलं. ते तिथे लटकत राहिलं. जो तो बघून विचारायचा, "हे काय? नुसतं रान?" एक बाई म्हणाल्या, ह्यात एखादं नारळाचं झाड असतं तर बरं दिसलं असतं. अप्पांनी ते मला येऊन सांगितलं. मी चिडून, मुद्दाम, एक सीनरी केली. नारळ, नदी, दोन डोंगर. अगदी पहिलीच्या पोरासारखी. म्हटलं बघू या. दुसऱ्या दिवशी खपली.

तिथून जे सुरू झालं, ते सुरूच राहिलं. पाट्यांचा धंदा बसला आणि सीनरीचा उठला. अप्पा येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे, "आमच्या सुनेच्या हातचं हाय." कौतुक खरं होतं, त्यात खोट नव्हती. पण प्रत्येक कौतुकासरशी मी त्या पत्र्याखाली आणखी एक वर्ष रुतत चालले होते. नोकरीचं विचारलं की, "एवढी ऑर्डर होऊ दे की." ती झाली की पुढची असायचीच.

आणि काम तरी कसलं, तर वाट बघायचं. काच वितळवायला अक्कल लागत नाही. दगडी कोळसा भरला, वारा घातला, की ती वितळतेच. खरी गोम निवण्यात. काच वरून आधी गार झाली आणि आतून गरम राहिली, की तिच्यात ताण बसतो. मग ती तडकते. कधी भट्टीतच, कधी गिऱ्हाइकाच्या भिंतीवर चार दिवसांनी आपोआप. आणि तडकलेली काच घरात कोण ठेवणार? म्हणून भट्टीचं तोंड विटांनी बंद करायचं, वरून माती लिंपायची आणि धुराड्याची झडप अगदी बेताबेताने लावत न्यायची. दोन दिवस. त्या दोन दिवसांत मी दर थोड्या वेळाने जाऊन विटांवर तळवा ठेवायचे आणि झडप किती लावायची ते ठरवायचे. हे कुणाला शिकवता यायचं नाही. अप्पांना पाट्यांचं गणित ठाऊक होतं, पण पत्रा काही तडकत नाही. म्हणजे भट्टी बंद, तसं माझंही सगळं बंद.

या घरात मला तोंडावर 'जा' म्हणणारं एकच माणूस होतं, ते म्हणजे अव्वा.

सुरुवातीला तिचा माझ्या कामाला विरोध होता. बांगडी फुटली असं ती चुकूनही म्हणायची नाही, वाढवली म्हणायची, आणि वाढवलेली काकणं घरात साठवायची म्हणजे तिच्या मते अवदसेला आवतण. "वाढिवल्याली काकणं कुणी डब्यात भरून ठिवतं का ग? काय तरी इपरित." मग हळूहळू तीच शेजारपाजारहून तुकडे पदरात घालून आणायला लागली. हिरवे वेगळे, लाल वेगळे, सोनेरी नक्षीचे वेगळे. भट्टीघराच्या उंबऱ्यावर बसून ते निवडता निवडता ती मला शाळेचं विचारायची. स्वतः शाळेत कधी गेली नव्हती. लहान वयात या घरात आली ती आलीच. माहेर अक्कलकोटच्या पलीकडे, एस.टी.ने जाऊन संध्याकाळी परत यावं इतकं जवळ, पण बाळंतपणं आणि मयती सोडल्या तर ती तिकडे गेली नव्हती. कधी घरात पाहुणे, कधी भट्टी, कधी कुणाचं आजारपण.

"शाळंत नुसतं चितार काढायचं शिकिवतेत?" ती विचारायची.

"व्हय अव्वा. चित्रकलेचा तास असतो."

"आन त्याचा पगार देतेत?"

"देतात की."

"मग तू पोरींना नारळ शिकिवणार?"

"नाही. म्हणणार, जे दिसतं ते काढा."

हे तिला फार पटायचं. ती हसायची आणि म्हणायची, "मग जा की लवकर. हितं बसून काय दिसतंय तुला? ही भिंत?"

लग्नाला पाच-सहा वर्षं झाली होती, त्या वर्षी वैशाखात भावाने बार्शीहून येऊन निरोप सांगितला. मी ज्या मुलींच्या शाळेत शिकले, तिथल्या चित्रकलेच्या बाई निवृत्त झाल्या होत्या. मोठ्या बाईंनी माझी आठवण काढली होती. जूनमध्ये शाळा उघडेल त्या सोमवारी सकाळी हजर व्हायचं. नाहीतर दुसरी एक मुलगी तयारच होती, मोठ्या बाई कुणासाठी थांबणार नव्हत्या. आठवडाभर माहेरी राहायचं, शनिवारी दुपारी शाळा सुटली की सोलापूरला यायचं, रविवारी रात्री परत. माझ्या मनात सगळं बसलं होतं. साडी कुठली नेसायची तेसुद्धा.

अप्पांना सांगितलं. ते म्हणाले, "अकलूजचं काम तेवढं होऊ दे. मग जा. शब्द देतो." अप्पा शब्द देतो म्हणाले, असं त्याआधी मी कधी ऐकलं नव्हतं. मी आत जाऊन रडले, आनंदाने.

अकलूजचं काम म्हणजे असं. तिकडच्या एका उसाच्या बागाइतदाराने नवं मंगल कार्यालय बांधलं होतं आणि त्यात पहिलं लग्न त्याच्याच लेकीचं होतं. नवरानवरी बसतात त्यामागच्या भिंतीवर त्याला सीनरी पाहिजे होती. तो स्वतः जीप घेऊन आला होता. समुद्र पाहिजे, नारळ पाहिजेत, होडी पाहिजे आणि हंस पाहिजेत.

"समुद्रात हंस कुठले?" मी आतल्या दारातून विचारलं.

"असू द्या की वहिनी, शोभा येती," तो म्हणाला.

एवढी मोठी काच भट्टीत मावणं शक्य नव्हतं. म्हणून मी चित्राचे नऊ चौकोन केले. एकेक चौकोन भाजायचा आणि नंतर सगळे लाकडी चौकटीत जोडायचे. मे महिना सगळा त्यात गेला. दुष्काळाची वर्षं सरली होती, तरी आमच्या गल्लीत नळाला एक दिवसाआडच पाणी यायचं, तेही अर्धा तास. पहाटे अव्वा आणि मी घागरी, हंडे, अंगणातलं मोठं पिंप, सगळं भरून ठेवायचो आणि मग दोन दिवस ते पुरवायचो. पाण्याची अव्वाला फार काळजी. भाजी धुतलेलं पाणी ती तुळशीला घालायची. आणि पाण्याचे दोन थेंब मिळाले की ती गोणपाट भिजवायची. माठाला ओलं गोणपाट, दुधाच्या पातेल्याखाली ओलं गोणपाट, बाजारातून आणलेल्या काकड्यांवर ओलं फडकं. आमच्या उन्हाळ्यात गार करायचं म्हणजे हेच, दुसरं काही असतं हे तिला माहीत नव्हतं. घरात बर्फाची पेटी नव्हती, विजेचा पंखा एकच, तोही अप्पांच्या दुकानात.

आठ चौकोन चांगले निघाले. राहिला तो मधला, सूर्याचा. नेमका त्याच वेळी कोळसा आला नाही. शुक्रवारी भट्टी पेटवायची, ती शनिवारी रात्री पेटली. रविवारी उजाडायच्या आत मी तोंड लिंपलं. म्हणजे काच हातात यायची मंगळवारी सकाळी. आणि शाळा सोमवारी.

मी अप्पांना म्हटलं, मी सोमवारी पहाटेच्या गाडीने जाते, झडप कशी लावायची ते दाखवते, मंगळवारी तुम्ही उघडा. अप्पा म्हणाले, "आन फुटली तर? बुधवारी त्यांचा ट्रक येणार हाय न्यायला. परत करणार कोण? तू डोळ्यानं बघून जा बाळ. एकदा काच चांगली निघाली की मी तुला अडवलं तर सांग." यात चूक काय होतं? काहीच नव्हतं. अप्पांच्या बोलण्यात कधीच काही चूक नसायची, म्हणून तर मी इतकी वर्षं तिथे होते.

रविवारचा दिवस मी त्या भट्टीभोवती घिरट्या घालण्यात काढला. तळवा ठेवायचा, काढायचा. विटा धगधगत होत्या. मी मनात भट्टीला शिव्या देत होते. संध्याकाळी अव्वा उंबऱ्यावर येऊन बसली. माझी ट्रंक भरून पलंगावर तयार होती, तिने ती बघितली असणार.

"सकाळच्या गाडीनं जायला न्हाय जमत?" तिने विचारलं.

"भट्टी निवली असती तर गेले असते," मी म्हटलं. "ती काच बघितल्याशिवाय अप्पा सोडणार नाहीत. आणि ती काही उद्या सकाळपर्यंत निवत नाही."

"निवली तर जाशील?"

"निवली तर जाईन की. पण नाही निवणार अव्वा."

ती गुडघ्यावर हात ठेवून उठली. मी झडप आणखी थोडी लावली आणि आत जाऊन पडले. सोमवार गेला, असं मी धरूनच चालले होते. झोप कशी लागली कळलं नाही, पण अगदी मेल्यासारखी लागली.

पहाटे उठले तोंड धुवायला. बादली रिकामी. हंडा बघितला, रिकामा. घागरी ओळीने, सगळ्या पालथ्या. अंगणातलं पिंप तळाला आलेलं. नळ मंगळवारी यायचा होता. चोरी झाली की काय, असं क्षणभर वाटलं, पण पाणी कोण चोरणार? मग भट्टीघराच्या दाराशी पाय ओले झाले.

आत सगळीकडे पाणीच पाणी. भट्टीच्या चहूबाजूंनी गोणपाटं गुंडाळलेली, माठाला गुंडाळतात तशी. काही सुकून करपलेली, काही ओलीच. तोंडाच्या वरची, आत डोकावून बघायची वीट काढून बाजूला ठेवलेली, आणि त्या भोकापुढे अव्वा भिंतीला टेकून बसलेली. एका हातात सुपली, दुसऱ्या हातात तांब्या. लुगडं गुडघ्यापर्यंत भिजलेलं. मला बघून तिचा चेहरा असा फुलला की तो मी अजून विसरले नाही.

"बघ. हात लावून बघ," ती म्हणाली. "माठासारखी गार केलीया."

मी हात लावला. विटा खरंच गार होत्या.

"आतनं लई गोड आवाज येत हुता," ती म्हणाली. "टिंग, टिंग. घुंगरावानी. म्हटलं, निवतीया माझी बाय. उघड आता. गाडी घावंल तुला."

तो आवाज कसला ते मला उघडायच्या आधीच कळलं होतं. तरी मी उघडलं. माती उकरली, विटा काढल्या, लोखंडी पकडीने तबक ओढलं. सूर्याचे तीन तुकडे झाले होते. समुद्राचे किती झाले, ते मी मोजले नाहीत. कडेचा एक हंस तेवढा साबूत होता.

अव्वा वाकून बघत होती. तिला पहिल्यांदा कळलंच नाही. "आसंच असतंय व्हय हे? जोडायचं असतंय?" तिने विचारलं. मी नाही म्हणून मान हलवली. मग तिला कळलं. ती तांब्या घेऊन तशीच उभी राहिली. तिच्या अंगावर ओरडावं असं मला वाटत होतं, मोठ्याने, गल्लीला ऐकू जाईल असं. आणि तिच्या गळ्यात पडावं असंही वाटत होतं. दोन्हीतलं काहीच झालं नाही.

आवाजाने अप्पा आले, मागोमाग नवरा. अप्पांनी गोणपाटं बघितली, जमिनीवरचं पाणी बघितलं, तबक बघितलं. मी तोंड उघडायच्या आत अव्वा म्हणाली, "म्या केलं. तिला जायचं हाय. काल सांजंला तिचं तोंड बघितलं तुमी?"

अप्पा विटांच्या ढिगावर बसले. मी त्यांना इतकं म्हातारं कधी बघितलं नव्हतं. आता बघू की म्हणतील, असं मला वाटत होतं, आणि म्हटलं असतं तर बरं झालं असतं. पण ते म्हणाले, "जा तू. गाडीची वेळ झाली. काच निघंल तसं जायचं म्हटलं हुतं मी. निघाली. शब्द मोडायचा न्हाय मला."

"आणि अकलूज?"

"सांगतो त्यांना. न्हाय जमलं म्हणून. माझ्या नशिबाची गोष्ट, तू कशाला बघतीस?"

नवऱ्याने आतून ट्रंक आणली. लग्नानंतर त्यांनी माझ्यासाठी कुणालाही न विचारता केलेलं हे पहिलं काम. "चल," ते म्हणाले. "रिक्षा बघतो कोपऱ्यावर." दार उघडं होतं, पुढचं आणि मागचंही. झरोक्यातून उजेड यायला लागला होता. मला त्या सकाळी कुणीसुद्धा अडवलं नव्हतं. हे मी पुढे माहेरी सांगितलं, मोठ्या बाईंना सांगितलं, तरी कुणाला पटलं नाही. सगळ्यांना वाटतं, सासरच्यांनी जाऊ दिलं नसेल.

मी भिंतीकडे बघितलं. आठ चौकोन भिंतीला टेकवून ठेवले होते, जसे चौकटीत बसणार तसे, आणि मध्ये जागा रिकामी. मी गेले की अकलूजचा माणूस येणार. अप्पा त्याच्यापुढे हात जोडणार. लग्नाच्या मांडवात भिंत रिकामी राहणार. आणि मग या घरात वर्षानुवर्षं, जेवायला बसताना, पाहुणे आले की, सणावारी कुणीतरी म्हणणार, अव्वाने त्या वेळी भट्टीवर पाणी ओतलं. चेष्टेनं म्हणतील, पण म्हणतील. ती घास हातात घेऊन ऐकून घेईल. मला ते डोळ्यांसमोर दिसलं आणि सहन झालं नाही. आणि खरं सांगायचं तर तेवढंच नव्हतं. त्या रिकाम्या चौकोनाकडे पाठ फिरवून जायला माझा पाय उचलेना. हंसांसकट, नारळांसकट ते सगळं भिकार होतं, तरी ते माझ्या हातचं होतं. या दोन्हींतलं कुठलं जास्त होतं, ते मला आजही सांगता येणार नाही.

"ट्रंक आत ठेवा," मी म्हटलं.

नवरा बघत राहिला. मग त्यांनी ट्रंक आत नेली. अप्पा उठले आणि कोळशाची पाटी ओढायला लागले. आज भट्टी पेटवली तर बुधवारी दुपारपर्यंत काच निघाली असती, आणि ट्रक संध्याकाळपर्यंत थांबवता आला असता. मी नवी काच घेतली, मापाला लावली आणि काच कापायची हिरकणी शोधायला लागले. ती बांगड्यांच्या डब्यात सापडली.

गिरणीचा भोंगा झाला. पहाटेची बार्शीची गाडी भोंग्याच्या सुमाराला सुटायची. अव्वा अजून तिथेच उभी होती, ओल्या लुगड्यात. ती भोंगा ऐकत होती, माझ्याकडे बघत होती, आणि मी हलत नव्हते.

"गाडी गेली?" तिने विचारलं.

"गेली असेल."

"तू गेली न्हाईस."

"नाही."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं नाही. तिला राग आला होता. इतक्या वर्षांत ती माझ्यावर कधी रागावली नव्हती. तिने तांब्या जमिनीवर आपटला.

"मग म्या रातभर पानी कशापायी वतलं?"